रस्त्यात बंद पडलेली मोटरसायकल गॅरेजपर्यंत कशी न्यावी

स्प्लेंडर, शाइन, प्लॅटिना, पल्सर अशा १०० ते १५० सीसीच्या गाड्या रस्त्यात अडल्या की बिघाड बहुधा लहानच निघतो: ओला प्लग, तुटलेली वायर, टायरमधला काटा, उडालेला फ्यूज. पक्कड, दोन-तीन पाने, हातभर तार आणि चिकटपट्टी एवढ्यावर गाडी पुढच्या गावापर्यंत नेता येते. खरं नुकसान होतं ते घाईत भलतीच जागा उघडल्यामुळे. दोष प्लगच्या टोपीत असतो, आपण कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडतो आणि त्यातला जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याचा बारीक भोकाचा पितळी तुकडा, गवतात हरवून बसतो. म्हणून इथे उपायांइतकाच भर निदानावर आहे आणि कुठे हात लावायचा नाही त्यावरही. खालचा एकही उपाय कायमचा नाही. तो गॅरेज येईपर्यंत पुरतो, तेवढंच त्याचं काम.

पाना काढण्याआधी गाडी नीट जागी घ्या. घाटात वळणाच्या पोटात थांबू नका, वळण ओलांडून जिथे मागून येणाऱ्याला दुरून दिसेल तिथे न्या. पावसाळ्यात माळशेज, वरंध, ताम्हिणी अशा घाटांत डोंगराच्या अगदी कडेला बसून काम करणंही धोक्याचं, वरून दगड येतात. मागे तीस-चाळीस पावलांवर झाडाची फांदी टाका आणि निघताना ती आठवणीने उचला, नाहीतर रात्री तीच दुसऱ्या कोणाला पाडेल. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ही मदतवाहिनी आहे, इतरत्र अडचणीत ११२.

गाडी कशी बंद पडली ते आठवा

बटण दाबल्यासारखी एकदम गप्प झाली असेल तर दोष बहुतेक विजेचा: टोपी निसटली, फ्यूज उडाला, बॅटरीची वायर सुटली. गचके देत, दम तोडत थांबली असेल तर पेट्रोलचा. चढावर ताकद हळूहळू कमी होत गेली, इंजिनातून खडखड आली आणि आता किक जड लागते किंवा अजिबात हलत नाही, तर इंजिन तापून पिस्टन धरला आहे. या तिसऱ्या प्रकारात काहीही उघडू नका. सावलीत तासभर थंड होऊ द्या आणि ऑइल बघा. किक मोकळी झाली तर ऑइल भरून अगदी हळू न्या, नाही झाली तर गाडी टेम्पोत चढवा. तापलेल्या इंजिनावर पाणी ओतू नका. गरम ॲल्युमिनियम एकदम आकसलं की वाकतं, कधी तडकतं.

मग अर्ध्या मिनिटाच्या तपासण्या. हँडलवरचा लाल किल स्विच चुकून दाबला गेलाय का? साइड स्टँड पूर्ण वर आहे का? नव्या गाड्यांत स्टँडजवळ स्विच असतो. त्यात चिखल बसला की स्टँड वर असूनही गाडीला तो खालीच वाटतो आणि गिअर टाकला की इंजिन बंद होतं. बाटलीतल्या पाण्याने धुऊन स्टँड आठ-दहा वेळा खालीवर करा, बहुतेकदा मोकळा होतो. पेट्रोलचा कॉक बंद तर नाही, रिझर्व्हला घेतला का, हे बघा. टाकीचं झाकण उघडून गाडी हलवा आणि पेट्रोल डोळ्यांनी बघा, काट्यावर विसंबू नका.

ठिणगी

प्लगची टोपी ओढून काढा. पावसात धावलेल्या गाडीच्या टोपीत पाणी शिरलेलं असतं आणि ठिणगी प्लगच्या टोकाला न जाता बाहेरूनच इंजिनाच्या अंगावर उतरते. टोपी आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा, फुंकून घ्या. टोपी वायरवर आट्यांनी बसलेली असेल तर ती फिरवून काढा, वायरचं टोक हिरवं किंवा काळं पडलं असेल तर पाच मिलिमीटर कापून टाका आणि टोपी पुन्हा घट्ट फिरवा. मुसळधार पावसातल्या बऱ्याच तक्रारी इथेच संपतात.

तरीही सुरू झाली नाही तर प्लग काढा. इंजिन फार गरम असेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबा, कारण गरम हेडमधून (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतो) प्लग जोरात काढला की ॲल्युमिनियमच्या आट्या सोबत निघून येतात. काढण्याआधी प्लगभोवतीची माती फुंकून टाका, ती भोकातून सिलिंडरमध्ये गेली तर काम वाढलं. प्लग टोपीत घाला, त्याचा लोखंडी भाग हेडच्या एखाद्या उघड्या धातूला टेकवा आणि किक मारा. प्लग त्याच्या भोकापासून हातभर दूर धरा. भोकातून पेट्रोलची वाफ येते, तिथे ठिणगी पडली तर भडका उडतो. हात फक्त टोपीच्या रबरावर ठेवा. प्लग कुठेही न टेकवता किक मारू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही की तो जोर सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आणि कॉइलवर येतो.

निळी, टणक आवाजाची ठिणगी म्हणजे विजेचं ठीक आहे. पिवळट, बारीक, मधूनच चुकणारी ठिणगी म्हणजे प्लग घाणेरडा किंवा त्याच्या टोकाच्या दोन दांड्यांमधली फट बिघडलेली. काजळी जुन्या टूथब्रशने आणि थोड्या पेट्रोलने धुवा. पॉलिश पेपरने घासलात तर दाणे नीट फुंकून काढा. फट गाडीनुसार ०.६ ते ०.९ मिलिमीटर असते. हातकरवतीचं पातं साधारण ०.६५ मिलिमीटर जाड असतं, त्याचा बोटभर तुकडा जवळ ठेवला तर मापाची चिंता राहत नाही: पातं फटीत जेमतेम सरकलं पाहिजे. वरचा वाकडा दांडा हलकेच ठोकून फट कमी करा. मधल्या दांड्याला धक्का लावू नका, चिनी माती तडकते.

प्लग पेट्रोलने ओला निघाला तर गाडी ओव्हरफ्लो झाली आहे. चोक बंद, कॉक बंद, चावी बंद, रेस पूर्ण उघडी ठेवून प्लगशिवाय आठ-दहा किक मारा, म्हणजे साठलेलं पेट्रोल उडून जाईल. प्लग वाळवून लावा आणि कॉक बंद ठेवूनच सुरू करा, सुरू झाल्यावर कॉक उघडा. वाळवण्यासाठी प्लग काडीपेटीवर धरायची सवय अनेकांना आहे. शेजारी पेट्रोलची टाकी असताना ती सोडलेलीच बरी.

प्लग परत लावताना आधी बोटांनीच दोन-तीन फेरे बसला पाहिजे. पाना पहिल्या फेऱ्यापासून लावला आणि आट्या चुकल्या तर हेड गेलं. बोटांनी टेकेपर्यंत फिरवून झाला की नवा प्लग पान्याने साधारण अर्धा फेरा, जुना असेल तर त्याच्या निम्म्याहूनही कमी.

पेट्रोल

ठिणगी चांगली आणि प्लग कोरडा, म्हणजे पेट्रोल पोहोचत नाही. कार्ब्युरेटरच्या तळाशी एक ड्रेन स्क्रू असतो, त्याखाली पारदर्शक बाटली धरून तो दोन फेरे सैल करा. धार आली तर टाकीपासून कार्ब्युरेटरच्या तळातल्या वाटीपर्यंत रस्ता मोकळा आहे. बाटली मिनिटभर स्थिर ठेवून बघा: पाणी असेल तर ते तळाशी वेगळं बसतं. पावसात टाकीच्या झाकणातून पाणी जातं, आणि आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये ओल जास्त झाली की इथेनॉल पाण्यासोबत खाली उतरून बसतं. इंजिन आधी तेच ओढतं आणि बंद पडतं. स्वच्छ पेट्रोल येईपर्यंत पन्नास-शंभर मिली काढून टाका आणि स्क्रू घट्ट करा. वाटी उघडण्याची वेळ सहसा येत नाही. आलीच तर खाली रुमाल अंथरूनच उघडा, आणि जेटमध्ये तार घालू नका. पितळेचं बारीक भोक जरासं जरी मोठं झालं तर गाडी पुढे कायम जास्त पेट्रोल पिते. तोंडाने फुंकणं पुरतं.

धार आली नाही तर टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' करून हवा आत गेली आणि धार सुरू झाली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलेलं आहे. अशी गाडी पाच-दहा किलोमीटर चालते, थांबते, थोड्या वेळाने पुन्हा चालते, आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. बारीक तारेने भोक मोकळं करा. झाकण अर्धवट उघडं ठेवून जाऊ नका, खड्ड्यात पेट्रोल गरम इंजिनावर सांडेल. काही गाड्यांत व्हॅक्युमवर चालणारा कॉक असतो आणि इंजिन बंद असताना त्यातून पेट्रोल येतच नाही. तिथे धार नाही एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका.

पेट्रोलची नळी बहुतेक वेळा टोकाशीच तडकते. तेवढं टोक कापून नळी पुन्हा बसवा आणि बाइंडिंग वायरचे दोन वेढे देऊन पिळा, पण रबर चिरेल इतकं नाही. सलाइनची नळी लावलेली दिसते. पेट्रोलने ती काही दिवसांत कडक होते आणि इंजिनाला टेकली की वितळते, म्हणून ती फक्त त्या दिवसापुरती.

टाकीला बारीक भोक पडून पेट्रोल झिरपत असेल तर कपड्यांच्या साबणाची वडी उपयोगी पडते. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. जागा पुसून वडी जोरात घासा, मग चिमूटभर साबण मळून भोकात दाबा. वरून चिकटपट्टी नको, पेट्रोलने तिचा गोंद सुटतो. एम-सील (दोन रंगांचे गोळे मळून लावायची पुट्टी) ओल्या जागेवर धरत नाही, त्यामुळे आधी साबणाने गळती थांबवून, भोवतालचा रंग खरवडून, जागा पूर्ण कोरडी करूनच वर एम-सील लावा. दोन्ही रंगांचे गोळे सारखे घेऊन एकच रंग येईपर्यंत मळायचे. तासाभरात ते आवळतं, पूर्ण कडक व्हायला रात्र लागते.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ (गाड्यांच्या धुराचे कडक नियम) आल्यावर बहुतेक नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन, म्हणजे पंपाच्या दाबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा, आलं. तिथे वरचं बरंचसं लागू नाही. चावी लावल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाची घरघर ऐकू आली पाहिजे. नाही आली तर फ्यूज, किल स्विच आणि बॅटरीची टोकं बघा. पेट्रोलची नळी मात्र काढू नका, तिच्यात सुमारे ३ बार दाब असतो आणि पेट्रोल फवाऱ्यासारखं डोळ्यांत येतं.

पंक्चर

ग्रामीण भागात कारण बहुधा बाभळीचा काटा. ट्यूबच्या टायरचं पंक्चर चाक न काढताही काढता येतं, आणि मागच्या चाकासाठी, चेन कव्हर असलेल्या गाडीत तर तेच सोपं. गाडी मेन स्टँडवर घ्या. चाक हळू फिरवत काटा, खिळा शोधा आणि त्या जागी खडूने किंवा दगडाने खूण करा. व्हॉल्व्हची पिन पूर्ण काढून हवा सोडा. चेन नसलेल्या बाजूने टायरची कड पायाने किंवा टाचेने रिमपासून सोडवा.

आता टायर लिव्हर (टायर उघडायची लोखंडी पट्टी) लावण्याआधीची खरी युक्ती: लिव्हर जिथे लावणार त्याच्या समोरच्या बाजूची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून ठेवा. रिम मध्ये खोल असते, तेवढीच ढील इकडे मिळते. ते न करता जोर लावला की लिव्हर वाकतो, नाहीतर ट्यूब चिमटते. दोन लिव्हर आठ-दहा सेंटिमीटर अंतरावर लावून कड बाहेर काढा, खुणेजवळचा ट्यूबचा भाग ओढून घ्या, थोडी हवा भरा आणि भोक शोधा. पाणी नसेल तर ओल्या ओठांजवळ ट्यूब फिरवा, बारीक हवाही जाणवते. टायरच्या आतून फडकं फिरवून काटा काढा. नुसती बोटं फिरवू नका. एकामागे दुसरा काटा असतो, तो न काढता पॅच लावणाऱ्याला दहा मिनिटांत पुन्हा बसावं लागतं.

पॅचपेक्षा मोठी जागा पॉलिश पेपरने घासा, ट्यूबची चकाकी गेली पाहिजे. सोल्युशनचा पातळ थर लावा आणि पाच मिनिटं थांबा. बोट लावलं तर चिकटपणा जाणवावा, पण बोटाला सोल्युशन लागू नये. याच पाच मिनिटांत लोक घाई करतात. ओल्या सोल्युशनवर पॅच लावला की आतला द्रव वाफ होऊन फुगे धरतो आणि गरम रस्त्यावर पॅच उचलतो. पॅच मधून कडेकडे दाबत बसवा आणि पान्याच्या पाठीने ठोका. ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरूनच ती आत सरकवा, म्हणजे पिळ पडत नाही. कड शेवटी हातांनी आणि टाचेने बसवा. शेवटचे चार इंच स्क्रू ड्रायव्हरने बसवणं म्हणजे दुसरं पंक्चर. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत एकट्याने जाताना पुढे २५ आणि मागे २८ पीएसआय लागतं, नक्की आकडा चेन कव्हर किंवा स्विंग आर्मवरच्या (मागचं चाक धरणारा दांडा) स्टिकरवर असतो.

व्हॉल्व्ह बुडाशी फाटला असेल तर त्याला पॅच नाही, ट्यूबच बदलावी लागते. हे होतं कमी हवेवर गाडी चालवल्यामुळे: टायर रिमवर सरकतो, ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह तिरका होतो. म्हणून व्हॉल्व्हवरचा नट रिमला आवळू नका. तो वर टोपीजवळ ठेवला तर व्हॉल्व्ह तिरका होतोय हे वेळेत दिसतं.

पॅचच नसेल तर जुन्या ट्यूबची पट्टी भोकावर घट्ट गुंडाळून कमी हवेवर काही किलोमीटर जाता येतं. तेही नसेल तर टायरमध्ये वाळलेलं गवत किंवा फडकी ठासून भरायची. कुठेही पोकळी राहता कामा नये, आणि वेग १५ च्या वर नको. हे फक्त मागच्या चाकासाठी. पुढच्या चाकात असला प्रयोग म्हणजे हँडल हातात राहणार नाही. पुढचं चाक काढून एसटीने किंवा कोणाच्या गाडीवरून पंक्चरवाल्याकडे न्या.

ट्यूबलेस टायरात किट जवळ येईपर्यंत खिळा काढूच नका, खिळ्यासकट हवा बराच वेळ टिकते. खिळा ज्या कोनात शिरला त्याच कोनात सुई फिरवून भोक साफ करा, किटमधली रबरी पट्टी सुईत ओवून, तिला सोल्युशन लावून ती दोन तृतीयांश आत ढकला, सुई झटक्यात सरळ ओढा, बाहेरचा भाग तीन मिलिमीटर ठेवून कापा. टायरच्या बाजूच्या भिंतीतलं पंक्चर असं काढायचं नाही. तो भाग सतत वाकतो आणि पट्टी बाहेर फेकतो.

क्लच आणि रेसची वायर

क्लच वायर बहुतेक हँडलवरच्या क्लच लिव्हरच्या टोकाशी, शिशाच्या गोळीपाशी तुटते, कारण तिथे ती रोज शेकडो वेळा वाकते. आधी तारा एकेक करून तुटतात आणि क्लच जड लागतो. हा इशारा मिळाला की वायर बदलून घ्यावी.

तुटलीच तर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणाऱ्या पट्टी कनेक्टरमधला पितळी तुकडा, दोन स्क्रूवाला, फार कामाचा. प्लास्टिक कापून तो काढून ठेवा. इंजिनाकडचा आणि लिव्हरकडचा दोन्ही ॲडजस्टर पूर्ण आत फिरवले की तारेला दीड-दोन सेंटिमीटर जास्तीची लांबी मिळते. तार लिव्हरच्या खाचेतून ओढा, तुकड्यात घाला, टोक मागे वळवून दुसऱ्यांदा त्यातूनच घाला आणि दोन्ही स्क्रू आवळा. एकेरी तार क्लचच्या ओढीने निसटते, दुहेरी केली तर टिकते. तुकडा खाचेत तिरका बसत असेल तर मागे एक वॉशर ठेवा. लांब जाणारे लोक नवी क्लच वायर जुनीच्या शेजारून आधीच ओवून टोकं टेपने बंद करून ठेवतात. ही सगळ्यात चांगली सोय: तुटली की दोन मिनिटांत जोडायची.

काहीच जवळ नसेल तर क्लचशिवायही जाता येतं. न्यूट्रलमध्ये गाडी सुरू करा, पायांनी ढकलत चालण्याच्या वेगाला आणा, उतार असेल तर उत्तम, आणि पहिला गिअर ठामपणे टाका. एक गचका बसेल. वर गिअर टाकताना रेस क्षणभर सोडायची आणि त्याच क्षणी गिअर. खाली आणताना वेग पुरेसा कमी करून मगच. थांबण्याआधी न्यूट्रल सापडलं पाहिजे, म्हणून पुढच्या माणसापासून दुप्पट अंतर ठेवा. गजबजलेल्या बाजारातून असं जाऊ नका, तिथे उतरून ढकला.

रेसची वायर मुठीजवळ तुटली तर आतली तार बाहेर ओढून पक्कडीला किंवा छोट्या स्क्रू ड्रायव्हरला दोन वेढे द्या आणि हाताने ओढत जा. तार सोडली की कार्ब्युरेटरमधली स्प्रिंग ती परत ओढते का, हे निघण्याआधी तीन-चारदा तपासा. अडकत असेल तर हा उपाय नको. वायर कार्ब्युरेटरपाशी तुटली असेल तर स्लोचा स्क्रू आत फिरवून इंजिन जरा वाढवून ठेवा आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये क्लचवर न्या. अंगठा किल स्विचवर, आणि ज्या जुन्या गाड्यांत तो नाही तिथे चावी हाताशी.

चेन

या गाड्यांच्या चेनचं माप बहुतेक ४२८. त्या मापाचं एक चेन लॉक (क्लिपने बसणारी सुटी जोडकडी) पाकिटात ठेवायला काही जड नाही. लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते तिकडे हवं. उलट बसवलं तर खडा किंवा फांदी लागून क्लिप उडते. क्लिप हरवली असेल तर खाचेत बाइंडिंग वायरचे दोन वेढे पिळून २० च्या वेगाने काही किलोमीटर निघतात, पण दर दोन किलोमीटरला थांबून बघायचं.

कडीच तुटली असेल तर एक आतली आणि एक बाहेरची अशी जोडी काढून लॉक लावायचं. ४२८ चेनची एक कडी १२.७ मिलिमीटरची, दोन कड्या २५.४, म्हणजे मागचं चाक साधारण १२ ते १३ मिलिमीटर पुढे सरकवावं लागेल. ॲडजस्टरला तेवढी जागा असेल तरच हे जमतं. घिसलेल्या, ताणलेल्या चेनला सहसा असते. कव्हरमध्ये सुटलेली चेन ओवायला तिच्या टोकाला तार बांधा, तार पुढच्या स्प्रॉकेटवरून (चेन फिरवणारं दात्यांचं चाक) फिरवून खालून ओढा. चेन मध्यभागी वरखाली २० ते ३० मिलिमीटर हलली पाहिजे. दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या ठेवा, नाहीतर चाक तिरकं धावेल. चेन पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा होऊन अडकली असेल तर गाडी ओढून, झटके देऊन सोडवू नका. इंजिनाचं केसिंग फुटतं. छोटं कव्हर उघडून हाताने काढा.

फ्यूज आणि वायरिंग

हॉर्न, इंडिकेटर, सेल्फ सगळं एकदम गेलं तर आधी बॅटरीची टोकं हाताने हलवून बघा. सैल स्क्रू हे सगळ्यात साधं आणि नेहमीचं कारण. आट्या गेल्या असतील तर टोकाखाली तांब्याच्या वायरची घडी ठेवून आवळा. मग फ्यूज. जास्तीचा फ्यूज बहुधा त्याच डबीत असतो.

नवा लावला आणि तोही लगेच उडाला तर कुठेतरी वायर बॉडीला टेकली आहे. इथे सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा गोळ्यांच्या पाकिटाची पन्नी लावणं ही घातक सवय आहे. पन्नी जळत नाही, वायरिंग जळतं, आणि ते टाकीखालून गेलेलं असतं. फ्यूज नसेल तर लवचीक वायरमधला ०.२ मिलिमीटर जाडीचा एकच तांब्याचा धागा वापरा. तो साधारण ७ अँपिअरला वितळतो, म्हणजे फ्यूजचंच काम करतो. दोन धागे पिळून लावू नका.

टेकलेली वायर शोधायला इंडिकेटरचा १० वॅटचा तारेचा बल्ब काढा आणि दोन वायरींनी फ्यूजच्या जागी जोडा, एलईडी चालणार नाही. बल्बमधून एक अँपिअरपेक्षाही कमी वीज जाते, त्यामुळे काही जळत नाही. शॉर्ट असेपर्यंत बल्ब लख्ख पेटतो. आता मागच्या लाइटचा, इंडिकेटरचा, हॉर्नचा, हेडलाइटचा कनेक्टर एकेक करून सोडा. ज्याने बल्ब मंद झाला किंवा विझला, दोष त्या फाट्यात. हँडल पूर्ण डावी-उजवीकडे वळवूनही बघा: हँडलच्या मानेपाशी वायरी घासतात, तशाच मागच्या मडगार्डखाली टायरला लागतात. सोललेली जागा टेपने गुंडाळा, सापडली नाही तर तो फाटा सुटाच ठेवून निघा. हेडलाइटचा फाटा सोडावा लागला तर अंधारात निघू नका.

बॅटरी उतरली असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये ढकलस्टार्ट. पहिल्या गिअरमध्ये चाक अडून घसरतं. जुन्या स्प्लेंडरसारख्या एसी इग्निशनच्या गाड्या, म्हणजे ठिणगीची वीज थेट इंजिनाच्या मॅग्नेटमधून घेणाऱ्या, बॅटरीशिवायही किकवर सुरू होतात. डीसी इग्निशन (ठिणगीची वीज बॅटरीतून) आणि इंजेक्शनच्या गाड्यांना थोडी तरी वीज लागतेच, तिथे पार मेलेल्या बॅटरीवर ढकलून दम घालवू नका.

लहानसहान

किक किंवा गिअरचा दांडा दात्यांवर घसरत असेल तर थंड पेयाच्या कॅनचा पत्रा मध्ये घालून बोल्ट आवळा. गिअरचा दांडा तुटला तर शाफ्टला व्हाइस ग्रिप (आवळून घट्ट धरून राहणारी पक्कड) लावा, नाहीतर पक्कडीने दुसरा गिअर टाकून तसेच जा. सायलेन्सरच्या भोकावर तोच कॅनचा पत्रा आणि बाइंडिंग वायर. प्लास्टिकचे टाय तिथे वितळतात. क्लचचा लिव्हर अर्ध्यात मोडला तर १०-११ चा पाना त्यावर ट्यूबच्या पट्टीने ताणून गुंडाळा.

पुराच्या पाण्यातून जाताना गाडी बंद पडली तर सेल्फ मारू नका. इंजिनात पाणी असेल तर ते दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. चावी बंद, प्लग काढा, पंधरा-वीस किक मारून पाणी उडवा, एअर फिल्टर पिळून वाळवा. फोमचा असेल तरच पिळा, कागदी असेल तर तो बदलावा लागतो. ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर सुरू करू नका.

जिथे जुगाड नाही

ब्रेक. ब्रेकची वायर, रॉड, डिस्कची नळी, यातलं काही गेलं तर तार बांधून घाट उतरू नका. दुसरा ब्रेक शाबूत असेल तर सपाट रस्त्यावर २० च्या आत जा, उतार असेल तर थांबा. ड्रम ब्रेक फक्त पाण्याने ओला झाला असेल तर हलका दाबून दोनशे मीटर चालवला की लायनर सुकतात, तेवढंच. एक्सलचा नट, हँडलचे बोल्ट, वाकलेला पुढचा शॉक, टायरच्या भिंतीतला फुगा, यांवरही जुगाड करायचा नाही. मागच्या टायरवर ऑइल आलं असेल तर साबणाने धुतल्याशिवाय एक मीटरही नाही.

सीटखाली मावणारं सामान: प्लग आणि प्लग पाना, १०-११ आणि १२-१३ चे पाने, पक्कड, दोन तोंडांचा स्क्रू ड्रायव्हर, क्लचची आतली तार, दोन पितळी कनेक्टर, चेन लॉक, तीन फ्यूज, मीटरभर बाइंडिंग वायर, इन्सुलेशन टेप, फूटभर जुनी ट्यूब, वीतभर पेट्रोल पाइप, एम-सील, साबणाचा तुकडा, करवतीच्या पात्याचा तुकडा, पॉलिश पेपर, पंक्चर किट, पायपंप, डोक्याला लावायचा टॉर्च. टॉर्च मोबाइलचा नको: एक हात त्यात अडकतो आणि बॅटरी फोनसाठी हवी असते.

गॅरेजमध्ये पोहोचल्यावर केलेला प्रत्येक उपाय मेकॅनिकला दाखवा. फ्यूजमधला धागा, उलटा-सुलटा सोडलेला कनेक्टर, दोन कड्या कमी झालेली चेन बाहेरून लक्षात येत नाही. टाकीला साबण लावला असेल तर वेल्डिंगआधी तो पूर्ण खरवडून टाकी पाण्याने धुवायला सांगा. टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते, म्हणून वेल्डिंग करताना ती भोकाच्या जागेपर्यंत पाण्याने भरलेली असली पाहिजे.